पाठीवर न पडलेला हात

सत्यकथेवरचा सिनेमा होता. वर्तकनगरच्या मैदानात चित्रीकरणासाठी टँकरने पाणी मारून धूळ बसवली होती. रुचिता त्या ओल्या, तांबूस जमिनीकडे पाहत राहिली. अकरा वर्षांपूर्वी दिव्यात ती आणि समृद्धी रांगेत उभ्या राहून हंडे भरत आणि मगच सरावाला पोचत. शाळेमागच्या पटांगणात तेव्हा एवढी धूळ उडे, की मागून येणारीचा नुसता श्वास ऐकू येई.

त्या वर्षी त्यांच्या शाळेने खो-खोची राज्य स्पर्धा एका गुणाने जिंकली. अखेरच्या क्षणी समृद्धीने खो दिला, चौकोनात बसलेली रुचिता उठली आणि तिने समोरची मुलगी टिपली. सिनेमाची सारी मदार त्या एका खोवर होती. पोस्टरवरही तेवढंच होतं : बसलेल्या मुलीची पाठ आणि तिच्यावर उघडा तळवा.

तो तळवा रुचिताच्या पाठीवर कधी पडलाच नव्हता. तिने फक्त शब्द ऐकला आणि ती उठली. स्पर्शावाचून दिलेला खो नियमबाह्य. पंचांना ते दिसलं नाही. विजेतेपदाचं प्रमाणपत्र तिने आजवर कुठेही दाखवलं नव्हतं. डोंबिवलीतल्या एका औषधांच्या दुकानात ती काउंटर सांभाळत होती. समृद्धी मात्र त्याच प्रमाणपत्रावर, खेळाडूंच्या कोट्यातून, सरकारी नोकरीला लागली. आपला हात पोचला नाही हे समृद्धीला ठाऊक होतं का, हे विचारण्याचं धैर्य रुचिताला झालं नाही. विचारल्यावर मैत्रीचं काय उरेल, याचं भय त्या प्रश्नाइतकंच जुनं झालं होतं.

दिग्दर्शक विनीतने दोघींना तो क्षण नट्यांसमोर करून दाखवायला सांगितलं. रुचिता गुडघे दुमडून बसली. मागून पावलं आली, "खो" आला आणि त्याच्यासोबत पंजा : पूर्ण, उबदार, एखाद्या दुरुस्तीसारखा नेमका. रुचिता उठली नाही.

काही चुकलं का, असं विनीतने विचारलं.

"तेव्हा हात लागला नव्हता," रुचिता म्हणाली.

नट्यांना ती थट्टा वाटली; एक जण हसलीसुद्धा. विनीत रागावला नाही. त्याने मावळत्या उन्हाकडे पाहिलं, कॅमेरामनला किती वेळ उरलाय ते विचारलं आणि मग समजुतीने म्हणाला, "ताई, आपल्या सिनेमात लागेल. तुम्ही फक्त उठून दाखवा."

समृद्धी तिच्या कानाशी वाकली. "मला तेव्हाच कळलेलं गं. पण मी नुसती ओरडले. उठलीस तू."

पावलं पुन्हा लांब गेली, वळली, जवळ आली. शब्द कानावर पडला आणि रुचिता उठली, एवढ्या झटक्यात, की समृद्धीचा हात मागे हवेतच राहिला.

विनीतने नट्यांना हे उठणं नीट पाहून ठेवायला सांगितलं.