शेऱ्याचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सध्या बालगृहाच्या कार्यालयातल्या जिन्याखाली पडून असतो. माझ्या डोक्यावर 'भंगार' असा कागद डकवला आहे. डकवणाऱ्याला तेवढंही धड जमलं नाही, एक कोपरा सुटलाच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, तिथे सगळे एकाच साच्यातले. खरं आयुष्य सुरू झालं ते टायपिस्टबाईंच्या टेबलावर. दारात आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्या माझ्यात करत: क्रमांक, नाव, वय, शेरा आणि शेवटी वजन. बाकीचे रकाने कुणीही भरले असते. शेरा मात्र खास बाईंचा. 'दिवा मालवला की रडतो, डावखुरा आहे, दूध नको म्हणतो' असं स्वल्पविराम देत देत त्या भरभरून लिहीत.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! पाहुण्यांना मला दाखवत, झालरीचं आच्छादन घालत. पुढे त्याच आच्छादनाने खिडक्या पुसू लागले. माणसांची माया मी तेव्हाच ओळखली.

या वर्षी नवा संगणक आला आणि मागोमाग एक तज्ज्ञ आला. गळ्यात ओळखपत्र, तोंडात च्युइंगगम. माझ्यातल्या जुन्या नोंदी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये काढायच्या होत्या. एका मुलाची एक ओळ, दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम. पहिल्याच खेपेला बाईंचे स्वल्पविराम मध्ये आले आणि वजनाच्या रकान्यात 'डावखुरा आहे' येऊन बसलं. थोडी अक्कल असती तर त्याने रकान्यांमधलं चिन्ह बदललं असतं.

"शेऱ्याने घोळ घातलाय," तो अधीक्षकांना म्हणाला. "हा रकानाच उडवू. शेरा वाचतंय कोण?"

"उडवा, उडवा," अधीक्षक म्हणाले. त्यांनी जन्मात एक शेरा वाचला नव्हता.

मग ओळी मोजल्या. तीन हजार एकशे बारा, बरोबर जुळल्या. दोघे असे खूश झाले, जणू गडच जिंकला! बाई तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. त्या परत आल्या तोवर मी जिन्याखाली होतो.

गेल्या आठवड्यात एक तरुणी आली, तिशीच्या आतली. वयाच्या तिसऱ्या वर्षी तिला इथून दत्तक दिलं होतं.

"मला कुणीतरी हाताला धरून आणलं होतं, एवढंच आठवतं," ती म्हणाली. "कोण होतं ते?"

अधीक्षकांनी नव्या संगणकात पाहिलं. "क्रमांक, नाव, वय, वजन. बाकी काही नाही."

"शेऱ्यात बघा ना," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"शेऱ्याचा रकाना नाहीये त्यात."

बाई उठल्या. त्यांनी मला शिपायाकरवी उचलून आणवलं, वायर लावली, पदराने माझी काच पुसली. सुरू व्हायला मी दहा मिनिटं घेतली. मुद्दाम नाही, वय झालंय. मग ती ओळ काचेवर आली:

'सोबत थोरला भाऊ, क्रमांक एक हजार चाळीस, हिचा हात सोडत नाही, दोघांना वेगळे करू नये.'

तिने ते दोनदा वाचलं. "पण केलं ना वेगळं," ती म्हणाली.

"मी लिहिलं होतं गं," बाई म्हणाल्या. "लिहिलं आणि गप्प बसले."

तिने भावाचा क्रमांक तळहातावर लिहून घेतला. अधीक्षकांनी तज्ज्ञाला पुन्हा बोलावलं. बाईंनी त्याला सुनावलं, "रकान्यांमध्ये उभी रेघ टाका. इतक्या वर्षांत मी शेऱ्यात ती एकदाही वापरलेली नाही. आधी मला विचारलं असतं तर तोंड झिजलं असतं का?" या वेळी शेऱ्यांसकट सगळं बाहेर निघालं.

मी पुन्हा जिन्याखाली आलोय. उद्या भंगारवाला नेईल. मला त्याचं दुःख नाही. मित्रांनो, जुनं काही टाकताना नुसत्या ओळी मोजू नका, वाचा. आणि त्या अधीक्षकांना हसलात, तज्ज्ञाला हसलात, तर थोडं मलाही हसा. ते वाक्य पंचवीस वर्षं माझ्या पोटात होतं. पण कुणी विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.