अम मबरूकच्या ओळी
किबिलीच्या खजूरबागांमधल्या पंपघरात मी एकटाच असतो. सकाळी कुलूप काढायचं, चहा टाकायचा आणि कॉम्प्युटरमधली सेटिंगची फाईल उघडायची. काम नसलं तरी उघडायची, कारण तिच्यात अम मबरूक, म्हणजे मबरूककाका, होते.

माझ्याआधी बावीस वर्षं त्यांनी हे पंप सांभाळले. फाईलमध्ये ज्या ओळीच्या सुरुवातीला खूण असते, ती यंत्र न वाचता सोडून देतं. ती माणसांसाठी असते. तिथे अम मबरूक मनातलं लिहायचे. ‘तीन नंबरचा पंप एप्रिलमध्ये रुसतो. त्याच्याशी भांडू नको, चहा पी.’ शेवटच्या चार ओळी त्यांनी इस्पितळात जायच्या दिवशी लिहिल्या, ‘नूरी’ अशी मला हाक मारून. ते परत आलेच नाहीत.

मंगळवारी राजधानीतून नवा प्रोग्राम आला आणि पंप बंद पडले. पडद्यावर एकच वाक्य: ‘चौथ्या ओळीतलं अक्षर वाचता येत नाही.’ अम मबरूकनी अरबी लिहिलं होतं ते कॉम्प्युटरच्या जुन्या अक्षर-संकेतांत. हा नवा शहाणा सोडून द्यायच्या ओळीही आधी वाचून बघायचा आणि अडायचा. फाईल नव्या संकेतांत बदलून घेतली की झालं, अर्ध्या तासाचं काम.

पण बाहेर पाटावर हादी बोंबलत होता. त्याची पाण्याची पाळी सुरू झाली होती, आणि हुकलेली पाळी एकदम बारा दिवसांनी येते.

“ओ इंजिनियर! माझी मिनिटं चाललीत! यंत्र झोपलंय का तू झोपलायस?”

मी राजधानीत, नवा प्रोग्राम पाठवणाऱ्या हाजरबाईंना फोन लावला.

“वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह घाल आणि पुढे चल, म्हणावं त्या प्रोग्रामला,” त्या म्हणाल्या. “गप्पांवाचून पंप अडतात होय?”

मी तसं केलं. पंप धडधडले, हादीच्या पाटात पाणी आलं. पण सुरू झाल्या झाल्या प्रोग्रामनं ती फाईल आपल्या पद्धतीनं पुन्हा लिहून ठेवली. आधी प्रत काढून ठेवायची, हे शेंबडं पोरही सांगेल. मी काढली नव्हती.

फाईल उघडली. आकडे जागच्या जागी. अम मबरूकच्या ओळींत नुसती प्रश्नचिन्हं. दुसरी प्रत राजधानीतही नव्हती. मला स्वतःचा भयंकर राग आला.

संध्याकाळी हादी खजुराच्या झाडातून काढलेल्या रसाची, लाग्मीची, बाटली घेऊन आला. “भिजली रे बाग. तुझं तोंड का असं?”

मी सांगितलं.

“रोज वाचायचास ना?” तो म्हणाला. “मग पाठच असेल की. लिहून काढ.”

तो गेल्यावर बसलो. तीन नंबरचा पंप आठवला, गंजलेली झडप आठवली, पंपांबद्दलचं सगळं आठवलं. मग ‘नूरी’ असं लिहिलं आणि थांबलो. त्या चार ओळी कधीही उघडून वाचता यायच्या, म्हणून मी त्या कधी पाठच केल्या नव्हत्या.