न हलणारा माल

"ही पिवळी गोळी दोन वर्षांपूर्वी लिहून दिलीय. कुणी बंद केली?" सर्जनबाईंनी विचारलं, आणि बाबांनी पापणीही न लववता सांगितलं, "हिनंच सोडली." खाटेवर पडलेल्या आईनं मुकाट्यानं मान डोलावली.

शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई, आणि स्वतःच्या मनानं गोळी सोडणार? नवऱ्याला विचारल्याशिवाय ही बाई घराची खिडकी उघडत नाही. पण सर्जनबाईंना हे कोण सांगणार? त्यांनी फाइलवर लिहून टाकलं, रुग्ण स्वतः औषध घेत नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आईच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता, कारण पोटरीतली धमनी आतून भरत भरत जवळजवळ बंद झाली होती. साखर आजही उत्तम होती, त्यात काही वाद नाही. पण साखर आटोक्यात ठेवणारी गोळी वेगळी आणि धमन्या जपणारी वेगळी, आणि आईला दोन्हींची गरज होती. आता दोनच वाटा उरल्या होत्या. एक, तार घालून धमनी उघडायची. पण त्यानंतर गोळ्या जन्मभर न चुकता घ्यायच्या, नाहीतर धमनी पुन्हा बंद पडणार आणि तेव्हा पायच नव्हे तर जीवही धोक्यात येणार. दुसरी वाट म्हणजे आत्ताच गुडघ्याखाली पाय कापून मोकळं व्हायचं. जो माणूस गोळ्याच घेत नाही त्याच्या बाबतीत मला दुसऱ्या वाटेचा विचार करावा लागतो, असं त्या म्हणाल्या. उद्या सकाळी काय ते ठरवू म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

उजवा पाय! आई पायानं चालवायच्या शिलाई मशीनवर आयुष्यभर बसलेली बाई. पडदे, गणवेश, लोकांच्या ढगळ पँटी, सगळं त्या उजव्या पायावर. मुलांनी मोटर बसवून देऊ म्हटलं तर म्हणायची, मोटर मला विचारून पळते थोडीच.

धाकटी आईचे कपडे आणायला घरी गेली. तक्रारींचे फोन घेण्याची तिची नोकरी. दिवसभर लोकांच्या शिव्या गोड आवाजात ऐकून घ्यायच्या आणि "आपली गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व" म्हणायचं. त्यामुळे राग गिळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्या दिवशी कपड्यांआधी तिनं औषधांचं कपाट उघडलं आणि गिळायला काही जागाच राहिली नाही.

हे कपाट बाबांचं. बाबा एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. खिळ्यापासून पट्ट्यापर्यंत प्रत्येक वस्तूचं कार्ड असायचं, आणि त्यांचा एक नियम होता. जो माल तीन महिने जागेवरून हलत नाही तो यादीतून काढायचा. या नियमापायी त्यांना एकदा ढालही मिळाली होती. निवृत्त झाले आणि ते सगळं शहाणपण घरात आलं. मिठाच्या बरणीला कार्ड, बल्बच्या खोक्याला कार्ड. मुलं हसायची. आईला साखरेचा आजार झाला तेव्हा तिचा आजारही बाबांनी ताब्यात घेतला. रोज सकाळी तिचं बोट टोचायचं, आकडा वहीत लिहायचा आणि गोळ्या स्वतः काढून तिच्या तळहातावर ठेवायच्या. बोट टोचण्याआधी तिचा हात दोन्ही हातांत धरून ऊब द्यायचे, म्हणजे दुखू नये. जीव नव्हता असं कोण म्हणेल? त्याचाच तर धाकटीला जास्त संताप होता.

कपाटाच्या खालच्या खणात पिवळ्या गोळीची बावीस खोकी एकावर एक रचलेली होती, एकही न फोडलेलं. दवाखान्यातून दर महिन्याला मिळायची ती आणून बाबांनी नीट रचून ठेवली होती. वर कार्ड. बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, "प्रयोग: आठ दिवस चालू, आठ दिवस बंद. साखरेत फरक: नाही. निर्णय: बंद." खाली तारीख आणि सही.

सही! स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोच्या औषधावर सही ठोकली होती या माणसानं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे बैल रिकामा राहिला नव्हता, बाईचा पाय जायची पाळी आली होती. धमन्यांची गोळी साखरेच्या यंत्रावर तोलली आणि यंत्राचा काटा हलला नाही म्हणून गोळीच बाद!

वरच्या खणात बाबांचा स्वतःचा डबा होता. त्यातही तीच पिवळी गोळी. तीच कंपनी, तेच खोकं. पाकीट आजच्या तारखेपर्यंत खाऊन झालेलं.

बाबा मागे येऊन उभे राहिले होते. धाकटीनं दोन्ही खणांतलं एकेक पाकीट टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "तुमची का नाही बंद केलीत?"

"मला छातीत दुखून गेलंय. माझी गोष्ट वेगळी."

"मग प्रयोग आईवर का केलात?"

बाबा वही उघडायला लागले. बघ, दोन वर्षांत एकदाही एकशे तीसच्या वर आकडा नाही, म्हणाले. उगाच जास्तीची औषधं कशाला पोटात घालायची, डॉक्टरांचं काय जातंय लिहायला. धाकटीनं वही त्यांच्या हातातून काढून मिटली. मग खोटं का बोललात, असं विचारल्यावर मात्र ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, की इतक्या लोकांत कसं सांगणार, आणि ती काही बोलली नाही ना, मग तुला काय.

संध्याकाळी धाकटीनं आईला सगळं सांगितलं. आईला कार्डाचं ठाऊक नव्हतं, पण गोळी कुणी थांबवली हे तर तिला ठाऊकच होतं. ती धाकटीच्या हातावर हात ठेवून म्हणाली, गप्प राहा. या वयात त्यांची मान खाली नको जायला. मला काय, चार शब्द ऐकून घेईन. आपलेच दात, आपलेच ओठ.

"चार शब्द नाहीत गं आई, पाय आहे," धाकटी म्हणाली.

आईनं चादरीखाली पाय हलवून बघितला आणि बघू म्हणाली. धाकटीनं मनाशी ठरवून टाकलं, की सकाळी आपण बोलायचं, मग आईनं जन्मभर अबोला धरला तरी बेहत्तर.

सकाळी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वही काखेत मारून हजर. सर्जनबाई आल्या, पाय दाबून पाहिला, फाइल चाळली आणि आईला चांगलंच फैलावर घेतलं. मावशी, तुम्हाला तुमच्या पायाची किंमत नाही का? लिहून दिलेलं औषध मनानं बंद करता आणि मग आमच्याकडे येता. मी धमनी उघडून दिली आणि तुम्ही पुन्हा गोळ्या फेकल्यात तर काय करू? आई खाली मान घालून ऐकत होती. धाकटीनं तोंड उघडलं, एवढ्यात बाबाच पुढे झाले.

"मी कानीकपाळी ओरडत होतो, डॉक्टर," ते म्हणाले. "ऐकतच नाही. बायकांना आजाराचं गांभीर्यच नसतं."

चोराच्या उलट्या बोंबा! धाकटीला वाटलं, आत्ता आपल्या हातून काहीतरी घडणार. पण आईनं मान वर केली. आधी नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, जणू हा माणूस तिला कुणीतरी आत्ताच दाखवला होता. त्याचं कालचं खोटं तिनं गिळलं होतं. आजचं हे तिच्या घशाखाली उतरेना. ती कोपरावर जोर देऊन उठून बसली.

"मी एकही गोळी चुकवलेली नाही, बाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा वळून बघायला लागली. "यांनी हातावर ठेवली ती प्रत्येक गोळी मी पाण्याबरोबर घेतली. चौदा वर्षं. यांनी ठेवलीच नाही ती कुठून घेऊ?"

सर्जनबाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांची वही उघडी होती आणि बोट आकड्यांच्या रकान्यावर होतं. "पण साखर बघा ना," ते म्हणाले, "एकदासुद्धा..."

"तुम्ही बाहेर जाऊन बसा," आई म्हणाली.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना असं काही सांगितलेलं धाकटीनं ऐकलं नव्हतं. बाबांनीही नसावं, कारण ते दुसरं कुणी बोललं का म्हणून आजूबाजूला बघत राहिले. आईनं ते पुन्हा सांगितलं नाही. शेवटी त्यांनी वही मिटली आणि ते गेले.

सर्जनबाईंनी फाइलवरची ती ओळ खोडली. तार आजच घालायची, असं बरोबरच्या डॉक्टरांना सांगितलं. मग खाटेच्या कडेला टेकून म्हणाल्या, की अंगठा काही राहणार नाही मावशी, पण पाय वाचवायचा मी पुरता प्रयत्न करते.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही. बाईंचा हात घट्ट धरून ती म्हणाली, "करा. आणि कोणती गोळी कशाची, ते आता मला सांगा. मलाच."