टाइल आधी की छत

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या बाथरूमचं नवं कोरं पीओपीचं छत गळू लागलं. छतातल्या गोल दिव्याभोवती आधी पिवळट डाग उमटला, मग दिव्याच्या कडेने थेंब सुटले. डॉक्टर दाढी करत होते. पहिला थेंब मानेवर पडला तेव्हा त्यांनी मान पुसली. दुसरा पडला तेव्हा वर पाहिलं. पुढचे थेंब मोजायला ते थांबले नाहीत. अर्धी दाढी आणि अर्धा फेस घेऊन ते तिसऱ्या मजल्यावर सरांच्या दारात उभे राहिले.

"सर, तुमचं पाणी माझ्याकडे आलंय."

"माझं कशावरून? वर आणखी दोन मजले आहेत."

"ते माझ्या डोक्यावर नाहीत. माझ्या डोक्यावर तुम्ही आहात."

आतून सरांच्या बायकोने केसांना टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत डोकावून पाहिलं. नव्या बाथरूममध्ये पहिली अंघोळ आत्ताच तिने केली होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं, तिने सरांकडे पाहिलं, आणि सर मुकाट्याने बाथरूमचा कॉक बंद करून आले.

त्याच संध्याकाळी सरांची आई घरी यायची होती. मांडीचं हाड मोडल्यापासून ती मुलीकडे, म्हणजे सरांच्या ताईकडे होती. आता काठी घेऊन चालत होती, पण जुन्या बाथरूममध्ये तिला पाय टाकता आला नसता. उंबरठा उंच, फरशी गुळगुळीत, धरायला काही नाही. ताईच्या सासरची माणसं रविवारी मुक्कामाला येत होती, तेव्हा तिने एक घाव दोन तुकडे केले होते. शनिवारी संध्याकाळपर्यंत बाथरूम झालं तर आई भावाकडे, नाही झालं तर म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या संस्थेत. तिथे खोली बघून ठेवली होती. भिंतींना दांडे होते, नर्स होती, खिडकीतून बाग दिसत होती. आईने एवढंच विचारलं होतं, "बागेतून मी दिसेन का कुणाला?"

सरांनी शब्द दिला होता.

शब्द पाळण्याची त्यांची पद्धत सगळ्या इमारतीला ठाऊक होती. नोकरीभर त्यांनी शाळेचं वेळापत्रक बनवलं. कोणत्या वर्गावर कधी कोण, कोण आजारी पडलं तर बदली कोण, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की निवृत्तीनंतर स्वयंपाकघरातल्या कुकरलाही त्यांनी तास लावून दिला होता. त्यांचं तत्त्व एकच होतं. तास रिकामा जाता कामा नये.

बाथरूमचं काम निघालं तेव्हा खाली डॉक्टरांकडे काम करणारा कंत्राटदार वर येऊन बघून गेला होता. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, कानाला फोन. एकूण खर्चाच्या वर पंधरा टक्के, असं त्याने सांगितलं.

"हे पंधरा टक्के नेमके कशाचे?" सरांनी विचारलं.

"माझे."

"तुम्ही पाइप कापणार?"

"नाही."

"फरशी बसवणार?"

"नाही."

"मग?"

"मी बघणार."

"बघायचं काम मी आयुष्यभर केलंय," सर म्हणाले. "एका वेळी चाळीस जणांकडे."

कंत्राटदाराने हसून चहा संपवला आणि गेला. सरांनी मग डॉक्टरांना गाठून विचारलं की, तुम्ही या बघ्याला कशाला पोसता? डॉक्टर म्हणाले, "स्वतःचा दात स्वतःला काढता येतो, सर. पण काढू नये." हे वाक्य सरांनी पाचही मजल्यांवर सांगितलं. पैसा फार झाला की माणसाच्या अंगात आळस कसा मुरतो याचा दाखला म्हणून.

माणसं मिळवायला त्यांना कष्ट पडले नाहीत. डॉक्टरांकडे कामाला येणाऱ्या प्लंबरला आणि फरशीवाल्याला त्यांनी जिन्यातच गाठलं. दोघांनाही जास्तीचं काम हवंच होतं. "माणसं तीच," सरांनी बायकोला समजावून सांगितलं. "फक्त मधला माणूस वजा."

"बघा बाई," बायको म्हणाली. "आयत्या वेळी मधलाच लागायचा."

"तू जरा चांगलं बोलत जा."

"मी 'बघा' म्हटलं. बघायला तर तुम्हीच निघालात."

बाथरूमच्या दाराशेजारी वेळापत्रक लागलं. आडवे वार, उभे तास. प्लंबर निळ्या शाईत, फरशीवाला लाल. पहिले चार दिवस काम असं चाललं की सरांना आपण इतकी वर्षं शाळेत उगाच घालवली असं वाटू लागलं. प्लंबरने भिंतीतून आणि जमिनीतून नवे पाइप टाकले आणि जाताना म्हणाला, "उद्या येतो. पाइपात दाबाने पाणी भरून रात्रभर ठेवू. कुठे झिरपत नाही ना बघू, मग फरशीवाल्याला लावा."

उद्या प्लंबर आला नाही. सरांनी फोन लावला. तेव्हा एक चमत्कार झाला. प्लंबरच्या फोनची घंटा सरांच्या पायाखालून ऐकू आली.

"निघालोच, सर," प्लंबर फोनवर म्हणाला. "रस्त्यात आहे."

रस्ता दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममधून जात होता. कंत्राटदाराने त्याला सकाळी डॉक्टरांच्या कामाला बोलावलं होतं, आणि कंत्राटदाराने बोलावलं की प्लंबर जातो. कंत्राटदाराकडे वर्षभराची कामं असतात, सरांकडे एक बाथरूम होतं. पंधरा टक्के कशाचे, याचं उत्तर सरांना त्या क्षणी फरशीतून ऐकू आलं. पण खाली जाऊन आपल्याच माणसाला परत मागायचं म्हणजे नाक मुठीत धरणं आलं. सर गेले नाहीत.

इकडे फरशीवाला दारात बादली पालथी घालून बसला होता. निळा तास रिकामा, लाल माणूस हजर. सरांनी तेच केलं जे आयुष्यभर केलं होतं. बदली तास दिला.

"पाणी भरून बघितलं नाही अजून," फरशीवाला म्हणाला.

"ते नंतर बघू. तुम्ही सुरू करा."

"तुम्ही म्हणाल तसं."

गणिताचे शिक्षक आले नाहीत म्हणून भूगोल घेतला तर शाळेत कुणाचं छत गळत नाही. फरशीवाल्याने दोन दिवसांत भिंती आणि जमीन टाइलनी मढवली, आणि काम इतकं देखणं झालं की ताईला फोटो पाठवताना सरांनी चार वेगवेगळ्या कोनांतून काढले. प्लंबर शुक्रवारी उगवला, नळ आणि दांडे बसवून गेला. दाबाने पाणी भरून बघायचं राहिलंच. ते त्यालाही आठवलं नाही आणि सरांनीही आठवण करून दिली नाही.

शनिवारी डॉक्टरांनी फोन केल्यावर कंत्राटदार अर्ध्या तासात आला. खालच्या बाथरूममध्ये मान वर करून त्याने छताकडे पाहिलं आणि निदान केलं.

"वरून आहे."

"छत म्हटल्यावर वरूनच असणार," सर म्हणाले. "खालून वर गळल्याचं मी तरी ऐकलं नाही."

"तुमच्या नव्या पाइपाचा जोड गेलाय. पाणी भरून बघितलं होतं का?"

पाणी भरून बघितलं नव्हतं, हे सरांना ठाऊक होतं. पण त्यांच्याकडेही एक मुद्दा होता, आणि तो खोटा नव्हता. त्यांच्या बाथरूमचं सांडपाणी नेणारा पाइप त्यांच्या जमिनीखालून, म्हणजेच डॉक्टरांच्या डोक्यावरून जात होता. पूर्वी तो उघडा, खाली लोंबलेला दिसायचा. आता त्याखाली छत आलं होतं, आणि ते पाइप लोंबायचा त्याहून वीतभर वर होतं.

"मग पाइप वर कुणी ढकलला?" सरांनी विचारलं. "तो काही आपण होऊन सरकला नाही."

"दोन दिवस खालून ठोकत होते," बायको म्हणाली. "माझी भांडी हलत होती."

"ठोकल्याशिवाय छत बसत नाही, वहिनी."

"आणि ठोकल्यावर जोड बसतो होय?"

डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "म्हणजे गळतंय ते यांच्या टाइलमागून, किंवा माझ्या छताआतून. बघायचं कसं?"

"कॉक उघडू या," सर म्हणाले. "पाणी वापरायचं नाही, नुसता उघडा ठेवायचा. तरी गळलं तर माझा पाइप. नाही गळलं तर यांनी ढकललेला सांडपाण्याचा."

"माझ्या छतावर आणखी पाणी सोडून? प्रयोग तुमच्या घरी करा, सर. कॉकला हात लावायचा नाही."

राहिले दोन मार्ग. एक तर सरांची टाइल फोडायची, नाहीतर डॉक्टरांचं छत. छत उघडलं आणि दोष सरांचा निघाला तर भरपाई सर देतील असं लिहून द्या, कंत्राटदार म्हणाला. टाइल फोडली आणि दोष तुमचा निघाला तर तुम्ही द्याल असं लिहून द्या, सर म्हणाले. लिहायला दोघेही तयार होते, सही करायला एकही नाही. पहले आप, पहले आप करत दुपार सरली. वरचे पाइप ज्याने टाकले आणि खालचा ज्याने ढकलला तो प्लंबर एकच होता. दोन्ही बाजूंचा आरोपी तोच, आणि त्याचा फोन बंद होता. फरशीवाल्याचा लागला. "मला सरांनी सांगितलं, मी केलं," तो म्हणाला आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती.

पाच वाजता कंत्राटदाराने सरांना जिन्यात बाजूला घेतलं.

"एक सुचवू? वरचं काम पण माझ्याकडे द्या. टाइल, छत, दोन्ही मीच उघडतो. दोष कुणाचा हा प्रश्नच उरत नाही. जबाबदारी एकाच माणसाची."

"आणि पंधरा टक्के?"

"ते असतातच."

"म्हणजे तुमच्या माणसाने कदाचित मोडलेला पाइप शोधायला मी तुम्हाला पैसे द्यायचे."

"कदाचित," कंत्राटदार शांतपणे म्हणाला. "आणि कदाचित तुमचा. मी हो म्हटलं तर प्लंबर तासाभरात येईल. तुमचा फोन तो उचलणार नाही."

हे खरं होतं. म्हणूनच ते जास्त झोंबलं.

"आज होईल? आई येतेय."

"आज कारण कळेल. काम दोन दिवस धरा."

सर जिना चढले. वर येऊन त्यांनी बाथरूमचं दार उघडलं. टाइल लखलखत होत्या, दांडे जागच्या जागी होते, आणि नळाला पाणी नव्हतं. बायको हातोडा घेऊन मागे उभी राहिली.

"फोडा," ती म्हणाली. "माझ्या देखत फोडा. आपली चूक निघाली तर निघाली. सासूबाईंना दोन दिवस मी बादलीने सांभाळीन."

"आणि आपली नसली तर? सहीशिवाय फोडलेली टाइल आपल्याच गळ्यात."

"अहो, त्या खाली गाडीत असतील आता. तुम्हाला जिंकायचंय की त्यांना आणायचंय?"

खाली हॉर्न वाजला. सर हातोडा हातात धरूनच जिना उतरले. ताईने काच खाली केली आणि आधी हातोड्याकडे, मग भावाकडे पाहिलं.

"झालं का बाथरूम?"

"झालंय. म्हणजे, पाणी तेवढं नाही."

"अरे, पाण्याशिवाय बाथरूम म्हणजे काय, कपाट? संस्थेवाले सातपर्यंत खोली ठेवणार आहेत. मला स्पष्ट सांग."

"मला दोन दिवस दे, ताई."

"तुला दोन आठवडे होते."

मागच्या सीटवर आई काठी आडवी धरून बसली होती. सरांच्या खांद्यावरून तिने पलीकडे पाहिलं. कंत्राटदार फाटकापाशी येऊन उभा राहिला होता आणि त्याने तिला अदबीने नमस्कार केला.

"हा कोण रे, बाळ?"

"कंत्राटदार."

"आपला?"

बासष्ट वर्षांच्या बाळाने कंत्राटदाराकडे पाहिलं. कंत्राटदाराने खिशातला फोन बाहेर काढला होता, पण अजून लावला नव्हता.

सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत ना टाइल फुटली होती, ना छत. डॉक्टरांच्या बादलीत थेंब पडायचे थांबले आहेत, पण कॉक बंद असल्याने त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आईने गाडीचं इंजिन बंद करायला सांगितलं आहे. ताईने ते अजून केलेलं नाही.