रामप्रसादचा सिनेमा

"आलं का?" गोजरबाईनं विचारलं.

"येऊन राह्यलं, मावशी. नेट जरा ढिलं हाय," कडूबा म्हणाला आणि रिमोट टीव्हीच्या आणखी जवळ नेला. रिमोट जवळ नेल्यानं इंटरनेट जोरात चालत नाही, हे साऱ्या टेंभुर्णीत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण दहा माणसं पाठीमागं बसलेली असली की हात काहीतरी करत राहतो.

पडद्यावर एक पांढरं कडं गरगर फिरत होतं. आज गोजरबाईच्या नवऱ्याचं, रामप्रसादचं, पित्र होतं. विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकून झाली होती, पत्र्यावरचा घास कावळ्यानं केव्हाच उचलला होता, भावकीची जेवणं उरकली होती. गोजरबाई मात्र जेवली नव्हती. तिचं ताट मीनानं, तिच्या लेकीनं, वाढून झाकून ठेवलं होतं. मीना दर वर्षी या दिवशी धावड्याहून येते आणि दर वर्षी हे ताट असंच झाकून ठेवते. आधी सगळ्यांची जेवणं, मग सिनेमा, मग रामप्रसाद पडद्यावरून चालत जाणार आणि त्यानंतर गोजरबाई पहिला घास घेणार. ही रीत कुठल्या भटजीनं सांगितली नव्हती. नवरा गेल्यावर गोजरबाईनं ती स्वतःच पाडून घेतली होती आणि सात वर्षांत एकदाही मोडली नव्हती.

बारा वर्षांपूर्वी गावात एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. रामप्रसाद तेव्हा घरोघरचं दूध गोळा करून डेअरीवर पोचवायचा. कॅनच्या वजनानं एका अंगाला झुकून झपाझप चालायची त्याची तऱ्हा सिनेमावाल्यांना आवडली. त्याला काम एवढंच होतं: कॅन घेऊन जीपसमोरून जायचं, जीपमधल्या हिरोनं जाफ्राबादचा रस्ता विचारला की न थांबता "इकडून न्हाई साहेब, तिकडून" म्हणायचं आणि निघून जायचं. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही. रामप्रसादनं पाच वेळा बघितलं. डायरेक्टर घसा फुटेस्तोवर ओरडला. सहाव्या वेळी तो नाकासमोर बघत सरळ गेला आणि तेवढंच सिनेमात राहिलं. जनरेटरची वायर सांभाळत कडूबा तिथंच उभा होता.

सिनेमा कुठं चालला नाही. टेंभुर्णीत त्याचं खरं नावही कुणाला धड सांगता येत नाही. तो रामप्रसादचा सिनेमा. पुढं चार वर्षांनी रामप्रसाद गेला, डेअरीच्या ओट्यावर बसल्या बसल्या. व्हिडिओ काढणारे फोन तेव्हा गावात मोजक्यांकडंच होते आणि त्यातल्या कुणाला दूधवाल्याचा व्हिडिओ काढावासा वाटला नव्हता. घरात त्याचे दोन फोटो होते. "फोटोत माणूस चालत न्हाई," गोजरबाई म्हणायची. चालणारा, बोलणारा रामप्रसाद जगात त्या चाळीस सेकंदांतच उरला होता.

पडद्यावरचं कडं थांबलं. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आली. मीनानं मोठ्यानं वाचलं, "हा चित्रपट सध्या उपलब्ध नाही."

खाली सात-आठ चौकोन उगवले. तुम्हाला हेही आवडेल. एकात कुणीतरी पिस्तूल रोखून उभा होता.

"सध्या म्हंजी?" गोजरबाईनं विचारलं. "जेवायला गेले का काय?"

भावकी हसली. कडूबाही हसला आणि त्यानं पुन्हा बटण दाबून पाहिलं. पंचवीस वर्षं तो या गावचा केबलवाला होता. तेव्हा कुणाच्या घरी चित्र गेलं की माणूस गल्लीतूनच हाक मारायचा, "कडूबाऽ, मुंग्या आल्या!" आणि तो गच्चीवर चढायचा. शिव्या बसायच्या, पण चित्र यायचं. त्याचा स्वतःचा व्हिडिओ चॅनल होता, लोक चिठ्ठी पाठवायचे आणि तो मागेल ते लावायचा. आता केबल तोडून सगळ्यांनी ॲप घेतले होते आणि ते ॲप बसवून द्यायलाही कडूबाच लागत होता. लोकांच्या लेखी टीव्हीतलं जे काही बिघडेल ते अजून त्याचंच होतं.

त्यानं ॲपचा प्लॅन तपासला. चालू होता. टीव्ही आणि ॲप दोन्ही गोजरबाईचा मुलगा कल्याण यानं घेऊन दिले होते. तो वाळूजला कंपनीत असतो, आज त्याला सुट्टी नव्हती. कडूबानं त्याला फोन लावला.

"पैसे कटले ना भाऊ, गेल्याच महिन्यात," कल्याण मशीनच्या आवाजातून ओरडला. "मला न विचारता कटले. वरून जाहिराती बी दाखवून राह्यलेत. मंग सिनेमा कामून न्हाई?"

कडूबानं फोन ठेवला. त्यानं मोबाईलवर शोधलं. सिनेमा दुसऱ्या एका ॲपवर असल्याचं कुठंतरी लिहिलं होतं. तो ॲप टीव्हीत उतरवायला वीस मिनिटं गेली. तेवढ्यात भोकरदनची गाडी चुकेल म्हणून तिघं उठून गेले. नव्या ॲपवर महिन्याचा प्लॅन घेतला तर तो फक्त मोबाईलवर चालणारा निघाला. टीव्हीसाठी वर्षाचा घ्यावा लागत होता. कडूबानं तोही घेतला, स्वतःच्या खात्यातून, मीना नको नको म्हणत असताना. मग जाहिरात आली, साबणाची. मग दुसरी आली, गुडघेदुखीची. गोजरबाई पदर सारखा करून पुढं सरकून बसली.

जीप दिसली. हिरो दिसला. संगीत वाजलं, धूळ उडाली, एक बाई किंचाळली आणि दोन मिनिटांत सगळं संपलं.

"हे काय होतं?" मीनानं विचारलं.

"ट्रेलर," कडूबा म्हणाला. "पूर्ण पिच्चर यांच्याकडं बी न्हाई. नुसती जाहिरात ठेवलीय."

"आणि पैसे?"

"ते गेले."

ॲपमधल्या मदतीच्या खिडकीत त्यानं मराठीत लिहिलं, उत्तर हिंदीत आलं. तिकडं माणूस होता की यंत्र, कळायला मार्ग नव्हता. सिनेमाच्या हक्कांची मुदत संपली आहे, असुविधेबद्दल खेद आहे, आणखी काही मदत करू का? कडूबानं लिहिलं, 'त्यात आमचा माणूस आहे.' बराच वेळ तीन ठिपके हलत राहिले. मग आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

त्याला विलक्षण राग आला. ओरडावं तर कुणाच्या नावानं? यांची गच्ची कुठं आहे, खांब कुठं आहे, कुणाची गचांडी धरायची?

"कडूबा," गोजरबाई शांतपणे म्हणाली, "आपण पैसे देऊन घेतल्ता ना तो सिनेमा?"

"घेतला न्हाई, मावशी. बघायचे पैसे देतो आपण. ठेवायचे न्हाई. त्यांची मर्जी हाय तोवर बघायचं."

"हे तू तवा न्हाई सांगितलं."

ती रागानं बोलली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. कारण तेव्हा कडूबानं सांगितलं होतं ते नेमकं उलटं होतं. तीन वर्षांपूर्वी हा टीव्ही त्यानंच भिंतीवर बसवला होता. गोजरबाईकडं सिनेमाची सीडी होती, कडूबानंच काढून दिलेली, फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवलेली. जुना प्लेअर अडकायला लागला होता. "मावशी, आता ही तबकडी कशाला पाह्यजे?" तो मोठ्या ऐटीत म्हणाला होता. "रामप्रसाद तात्या आता वर हायेत, कायमचे. बटण दाबलं की हजर." त्याच आठवड्यात त्यानं आपल्या केबल-सीडीच्या दुकानातल्या दोन गोण्या भरून सीड्या ज्याला हव्या त्याला वाटून टाकल्या होत्या. त्यात त्याची स्वतःची प्रतही गेली. आपण गावाला नव्या जमान्यात नेतोय असं त्याला वाटलं होतं.

"ती तबकडी कुठंय मावशी?" त्यानं विचारलं.

"वावरात हाय. तूच म्हन्ला न्हाई का, बाजरीत बांधा, पाखरं येत न्हाईत म्हनून?"

कडूबानं मोटारसायकल काढली. दुकानात एक प्लेअर अजून चालत होता, वायर लावली की झालं. रस्ताभर तो मनाला सांगत राहिला की सीडी मोठी चिवट चीज असते, पुसून घेतली की चालते. हे खोटं असतं तर इतकी वर्षं त्यानं दुकान चालवलंच नसतं, असंही त्यानं स्वतःला पटवून पाहिलं.

गोजरबाईचं वावर तिचा पुतण्या वसंता बटईनं करतो. बाजरी कणसांत आली होती आणि वावरभर काठ्यांना दोऱ्या ताणून सीड्या लटकवल्या होत्या. वारा आला की सगळ्या एकदम फिरायच्या आणि उन्हाचे कवडसे कणसांवरून पळायचे. चाळीस तरी असतील. आपल्या आयुष्यभराचं दुकान कडूबाला असं एकगठ्ठा पहिल्यांदाच दिसलं.

"काकूची कोणती रे?"

"ती काय, बांधावरची," वसंतानं दाखवलं. "तिनं सोताच बांधली. म्हन्ली, त्यांचं वावर हाय, त्यांनीच राखावं. पहिल्या साली तर रोज यायची बघायला. भाऊ, पाखरं लई घाबरतात बरं का हिला."

कडूबानं दोरी सोडली. सीडीवर त्यानं मार्करनं लिहिलेलं 'रामप्रसाद तात्या' तीन पावसाळ्यांत धुऊन गेलं होतं. त्यानं ती शर्टाच्या टोकानं पुसली, तर चंदेरी पापुद्रा शर्टालाच चिकटून आला. त्यानं ती उन्हात डोळ्यासमोर धरली. पलीकडची बाजरी स्वच्छ दिसत होती. प्लेअर जोडायची गरज नव्हती.

तो बांधावर बसला. वसंतानं पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यानं घेतली नाही. कुणाचं काही चोरलं नव्हतं त्यानं, कुणाला मुद्दाम फसवलं नव्हतं. तरी आपल्या हातून एक माणूस दुसऱ्यांदा गेला, असंच त्याला वाटत राहिलं. त्याला रडू आलं असतं, पण वसंता बघत होता.

घरी आला तेव्हा पाच वाजत आले होते. भावकी पांगली होती. मीना भांडी विसळत होती आणि गोजरबाई टीव्हीसमोर तशीच बसून होती. टीव्ही बंद होता. ताटावर झाकण तसंच होतं.

"साखरेची बिमारी हाय तिला," मीना दारातच कुजबुजली. "सकाळपासून नुसत्या चहावर हाय. किती सांगितलं, ऐकतच न्हाई. म्हन्ते, कडूबा आणतो म्हनून गेलाय."

कडूबानं सीडी गोजरबाईच्या हातात दिली. "मावशी, यात काही उरलं न्हाई आता. चूक माझी हाय. बिलकुल माझीच हाय. मला तवा वाटलं…"

गोजरबाईनं सीडी उलटसुलट करून पाहिली, त्यावरून अंगठा फिरवला आणि ती मांडीवर ठेवली. "राखलं त्यांनी वावर," ती म्हणाली. "दोन पोती जास्तीची झाली गेल्या साली." मग तिनं पुन्हा समोर बघितलं, काळ्या पडद्याकडं. जेवायचं नाव नाही.

कडूबा उभाच होता. काय करावं ते त्याला कळेना, आणि तसंच निघून जाणंही जमेना. कोपऱ्यात रामप्रसादचा दुधाचा कॅन होता. आता त्यात तांदूळ असायचे. कडूबानं तो उचलला. भरलेला होता, खांदा एकदम खाली ओढला गेला आणि कंबर आपोआप एका अंगाला झुकली.

"मावशी, इकडं बघा," तो म्हणाला.

तो दारापाशी गेला आणि तिथून निघाला. टीव्हीच्या समोरून, एका अंगाला झुकून, झपाझप. पंचावन्न वर्षांच्या केबलवाल्याला हे कसं दिसत असेल याचा त्यानं विचार केला नाही. मोकळा हात वर करून तो म्हणाला, "इकडून न्हाई साहेब, तिकडून," आणि न थांबता समोरच्या भिंतीपर्यंत गेला. मीनाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

गोजरबाईनं डोळे बारीक करून सगळं बघितलं.

"बराबर न्हाई," ती म्हणाली.

"काय, मावशी?"

"चाल बराबर हाय. पण ते जाता जाता इकडं बघायचे. माझ्याकडं. तू बघितलंच न्हाई."

कडूबानं तोंड उघडलं. ते चाळीस सेकंद त्यानं आपल्या चॅनलवरून शंभरदा तरी दाखवले होते. रामप्रसाद कुठंही बघत नव्हता. पाच वेळा बघितलं ते कापून फेकलं होतं, सहाव्यांदा तो नाकासमोर गेला होता. मागच्या वर्षी कुणी असं म्हटलं असतं तर कडूबानं मागं घेऊन, थांबवून, बोट ठेवून दाखवलं असतं. आता दाखवायला काही नव्हतं. आणि भिंतीला टेकून उभं असताना त्याची स्वतःचीही खात्री जरा जरा सुटायला लागली.

त्यानं कॅनचा हात बदलला नाही. तो परत दारापाशी गेला आणि पुन्हा निघाला. एका अंगाला झुकून, झपाझप. टीव्हीसमोर आल्यावर त्यानं मान वळवली आणि गोजरबाईकडं बघितलं.

"इकडून न्हाई, तिकडून," तो म्हणाला. साहेब म्हणायचं राहूनच गेलं.

गोजरबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग ताटावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

"मीना," ती म्हणाली, "कढी तेवढी गरम करून दे."