जाळीची तार

माझ्या सासऱ्यांना अख्खं घुग्घुस माईकवाले गुलाबराव म्हणून ओळखतं. लग्न असो, विहारातला कार्यक्रम असो की पुढाऱ्याची सभा, भोंगे त्यांचेच. 'मुलींना शिकवा' म्हणणाऱ्या किती वक्त्यांचा आवाज या माणसानं गावभर पोचवला असेल, देव जाणे. त्यांनी आपल्या घरात काय केलं, ते मी सांगते. मी थोरली सून, कांता. नवरा म्हणतो, राग माझ्या नाकावर असतो. असू द्या.

घरातही सासऱ्यांचा माईक सुटला नव्हता. प्रत्येक खोलीत भिंतीवर उंच एक स्पीकर आणि सगळ्या तारा त्यांच्या खोलीतल्या लाकडी डब्यात. डब्यावर बटणांची रांग. सकाळी वंदना, मग बातम्या, मग हुकूम: "कांता, पाणी आण!" टीव्हीचंही तेच. टीव्ही आणि व्हीसीआर त्यांच्यापाशी, तिथून एक तार आमच्या खोलीत, एक धाकटा दीर अमर याच्या खोलीत. ते बघतील तेच आम्ही बघायचं. त्यांना झोप आली की आमचाही टीव्ही झोपायचा.

ब्याण्णव साली अमरचं लग्न झालं आणि नूतन घरात आली. बारावी पास, हुशार, हसरी. माझं तिच्याशी पहिल्या दिवसापासून जमलं. मला ती बाई म्हणायची. एका दुपारी पोळ्या लाटताना ती माझ्या जवळ सरकली.

"बाई, माहा गडचिरोलीले डी.एड.ले नंबर लागला. भाऊ सांगून गेला. घरच्याइले मीच सांगीन, पण आज नाई. तुमी कोणाले सांगू नका."

मी तिच्या गालावर पिठाचा हात लावला आणि म्हटलं, "जाय तू. घर मी पाह्यतो."

रात्री जेवताना सासरे वरणात पोळी बुडवत म्हणाले, "सुना मास्तरणी झाल्या तर चुली कोण फुकन?" एवढंच. जेवण झाल्यावर त्यांनी नूतनची मार्कशीट, दाखले, सगळं मागून घेतलं आणि आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. प्रवेशाची तारीख आली आणि गेली.

त्या दुपारी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. तिसरं माणूस नव्हतं. नूतन सगळ्यांसमोर मला म्हणाली, "चुगली केली तुमी. मोठ्या बहिणीसारखं समजत होतो मी तुमाले."

मी लेकरांची शपथ घेतली. तिला ती पटली नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मलाही पटली नसती. सासरे तिथंच बसून सुपारी कातरत होते. ती गप्प बसलेली सुपारी माझ्या पोटात आजही टोचते.

पुढच्याच वर्षी आम्ही वेगळे निघालो. नवरा प्रफुल माजरीच्या खाणीत कामाला, तिथंच क्वार्टर मिळालं. त्यानं डिश लावून केबलचा धंदा सुरू केला. त्याची पाळी सुरू असली की तक्रारी ऐकायला मी, आणि ऐकता ऐकता खांबावर चढायलाही मीच. माजरीत मला केबलवाली कांता म्हणतात. आमच्या सोयऱ्यांत मात्र चुगलखोर कांता. लग्नाघरी मी बायकांत जाऊन बसले की बोलणं बंद. इथवर मी सोसलं. पण माझ्या लेकीला, रीताला पाहून गेलेल्या एका घरानं निरोप पाठवला, पोरगी चांगली आहे, पण आईच्या पोटात काही राहत नाही म्हणे. त्या रात्री मी जेवले नाही.

दोन हजार तीन साली अमरनं मोठा टीव्ही घेतला, डीव्हीडी घेतली, पाच स्पीकरांचा संच घेतला. जुन्या तारांना जोडला तर नुसतं हुंऽऽ. तो माजरीला आला.

"वहिनी, सगळं नवीन करून द्या ना. बाबा नाई म्हणते, डब्ब्याले हातच लावू देत नाई. पण ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनले चंद्रपूरले चालले. तवा करून टाकू."

मी पक्कड घेतली आणि गेले. नूतननं दार उघडलं आणि न बोलता आत निघून गेली.

दुसऱ्याची जुनी वायरिंग बदलायची तर आधी ती समजून घ्यावी लागते. कोणती तार कुठून निघाली, कुठं गेली. मी प्रत्येक खोलीतून एकेक तार धरत डब्यापर्यंत आले. सगळीकडे साधी, लाल-काळी पीळ घातलेली स्पीकरची तार. माणूस चिकट, खांबावरची उतरवलेलीच वापरलेली. फक्त स्वयंपाकघराची तार वेगळी. जाड, गोल. सोलून पाहिली तर आत तांब्याची जाळी.

ती माईकची तार होती. जाळी असते ती बारीक आवाज स्वच्छ पोचावा म्हणून. स्पीकरला ती कोणी लावत नाही, आणि गुलाबरावांसारखा चिकट माणूस तर मुळीच नाही.

मी डबा उलटा केला. खाली, हात घातल्याशिवाय दिसणार नाही असं एक बटण. ते फिरवलं की स्वयंपाकघराचा स्पीकर उलटा जोडला जायचा. स्पीकर उलटा जोडला की ऐकू लागतो. त्याच्यासमोर बोललं की त्याचा कागद थरथरतो आणि ती थरथर तारेतून परत येते. कचेऱ्यांत टेबलावर बोलायचे डबे असायचे, ते याच युक्तीवर. डब्याखालच्या खणात कानाला लावायचा हेडफोन होता. त्याचा गादीचा भाग वापरून वापरून काळा झालेला.

सासरे समोर असते तर पक्कड कुठं मारली असती, सांगवत नाही. माझ्या लेकीची सोयरीक मोडली ती या बटणानं!

पण नूतनला सांगून काय उपयोग? शपथ तर मी तेव्हाही घेतली होती. मी अमरला हाक मारली. "भाऊजी, नूतनले म्हणा, आवाज पाह्याचा हाय. इथी बसून हे कानाले लाव म्हणा."

ती आली, माझ्याकडे न बघता बसली, हेडफोन लावला. मी खालचं बटण फिरवलं आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्यापाशी उभी राहिले, जिथं त्या दुपारी उभी होते तिथंच. आणि अगदी हळू, पोळ्या लाटताना बोलावं तसं बोलले:

"बाई, माहा गडचिरोलीले डी.एड.ले नंबर लागला. तुमी कोणाले सांगू नका."

मग थांबले. नळ ठिबकत होता. बराच वेळ कोणी आलं नाही.

नूतन दारात आली तेव्हा हेडफोन तिच्या गळ्यात होता, तार मागे लोंबत होती. ती उपटूनच आली होती. रडत नव्हती. भिंतीवरच्या स्पीकरकडे बघत होती.

"इथी मी माह्या मायशी बोलली, बाई. इथी मी पोट पडलं तवा रडली. सगळं ऐकलं त्यानं?"

सासऱ्यांना ती 'त्यानं' म्हणाली. ती जवळ आली आणि माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"हे उलटं होते का?"

"होते," मी म्हटलं. "पाह्यजे तसं होते."

दोन दिवसांनी सासरे डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परतले. हॉलमध्ये नवा टीव्ही, पाच स्पीकर, सगळ्या तारा पट्टीतून नीट नेलेल्या. ते भिंत चाचपत आपल्या खोलीत गेले. डबा नव्हता. उशाशी भिंतीवर एकच स्पीकर होता आणि त्याला एकही बटण नव्हतं.

"माहा डब्बा कुठी हाय?" ते ओरडले.

स्पीकरमधून नूतनचा आवाज आला. "स्वयंपाकघरात हाय, मामाजी. तुमची जाळीची तार बी हाय. पाणी पाह्यजे का?"

ते गादीवर बसले. मी दारात उभी होते. माझा चेहरा त्यांना एका डोळ्यानं दिसला असेल, आणि तेवढा पुरला.

"हे पाह्य कांता..."

"मी नाई, मामाजी. आता तुमी ऐका. तार तोडली, तर ती कशाची होती ते तुमच्या दोनी पोराइले सांगू. गावाले बी सांगू. तुमच्याच भोंग्यावर."

त्याच आठवड्यात नूतननं शिकवणी सुरू केली. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या दाराशी पोरं बसायची आणि माईक चौकटीला टांगलेला. बे एके बे, बे दुणे चार. रोज सायंकाळी सगळे पाढे, मग कविता, मग पुन्हा पाढे, म्हाताऱ्याच्या उशाशी. अमर म्हणाला, बाबांच्या खोलीत आवाज कशाला? नूतन म्हणाली, त्यांना एकटं वाटू नये म्हणून. सासऱ्यांची मान खाली. ती मान पाहायला मी माजरीहून मुद्दाम यायचे. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

शेवटी त्यांनी मला बोलावलं. "काय पाह्यजे तुले? सांग एकडाव."

"माह्यं नाव," मी म्हटलं. "जसं गेलं तसं, सगळ्याइच्या समोर."

हरिदासभाऊंच्या, म्हणजे त्यांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मंडपात सगळे सोयरे, माईक अर्थातच गुलाबरावांचा. पाहुण्यांनी जेवून घ्यावं, असं सांगून झालं. मग ते खाकरले. जन्मभर माईकवर बोललेल्या माणसाचा आवाज चिरकला.

"एक सांगाचं होतं. माह्या मोठ्या सुनेनं कोणाची चुगली केली नव्हती. ते मी चोरून ऐकलं होतं. दोष तिच्यावर गेला, मी जाऊ देल्ला."

चारी भोंग्यांतून ते रस्त्यापर्यंत गेलं. बायकांची बोटं पानावर थांबली. माझ्या शेजारची बाई सरकली आणि तिनं मला जागा करून दिली. रीता रडत होती. मी बुंदी वाढून घेतली आणि पोटभर जेवले.

संध्याकाळी घरी आल्यावर सासरे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत भिंत धरत आले. आतापर्यंत त्या दारात ते कधी आले नव्हते.

"सांगतलं न मी? सगळ्याइच्या समोर सांगतलं. आता तरी ते बंद कर, नूतन."

नूतन फळा पुसत होती. अंगणात पोरं जमायला लागली होती.

"बाईचं फिटलं, मामाजी," ती म्हणाली. "माह्यं कुठी फिटलं?"

आणि तिनं माईकचं बटण दाबलं.