डाव्या कानाची खूण

कडूबा टेंभुर्णीहून टाक घेऊन आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं, चुलीवरचा सगळा स्वयंपाक उतरला होता, आणि जिच्या पोराचा टाक बसवायचा ती गोपिकाबाईच घरात नव्हती.

"गेली असंल फाट्यावर," कडूबा म्हणाला. "त्रिंबक, जा, जल्दी घेऊन ये तिला. दुपार टळायच्या आत बसवला पाह्यजे."

कडूबा गोपिकाबाईच्या नवऱ्याचा, त्रिंबकचा थोरला भाऊ. लग्न असो की मयत, कडूबाशिवाय त्या वस्तीत पान हलत नसे, आणि हललंच तर तो रुसून बसे. घरातलं माणूस गेलं की वर्षानं त्याचा चांदीचा टाक करायचा, ठसा उमटवलेला इवलासा पत्रा, आणि देव्हाऱ्यात वाडवडिलांच्या रांगेला बसवायचा, ही त्यांच्यातली रीत. एकदा टाक बसला की माणूस घरचा देव झाला. मग त्याला हात जोडायचे, त्याची वाट पाहायची नाही. गोपिकाबाईला नेमकं तेच नको होतं.

त्रिंबकनं पायात वहाणा सरकवल्या. दाराशी छकुलीनं त्याला अडवलं. वर्षश्राद्धासाठी लेक सासरहून चार दिवस आधीच आली होती, आणि त्या चार दिवसांत तिनं जे पाहिलं त्यानं तिची झोप उडाली होती.

"आबा, माय रोज परम्याची भाकर काढून ठेवते अन् सांजच्याला स्वतः तीच शिळी खाते. दुसरं काहीच खात न्हाई. अंगात नुसती हाडं राह्यली तिच्या. परवा उन्हात चक्कर येऊन पडली व्हती म्हणं फाट्यावर?"

"दोनदा पडली," त्रिंबक म्हणाला.

"वर्षात एकदा तरी रडली का ती?"

त्रिंबक बाहेर पडला. मे महिन्याचं ऊन डोक्यावर आलं होतं. मागच्या वर्षी याच दिवसांत सीमेवर तोफा चालल्या होत्या, आणि चौकीवर गोळा पडून त्याचा तेवीस वर्षांचा मुलगा परमेश्वर गेला होता. त्याची पेटी आली तेव्हा याच रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. गाड्यांची रांग लागली होती, घोषणा देऊन देऊन पोरांचे घसे बसले होते. आता फाट्यावर तेव्हाचा फलक तेवढा उरला होता. त्यावर परमेश्वर लहान होता आणि त्याला श्रद्धांजली वाहणारे मोठे होते. वाऱ्यानं फलक मधोमध फाटला, तेव्हा अर्धा भाग कुणीतरी कडबा झाकायला नेला. नेणाऱ्यानं परमेश्वरची बाजू ठेवली, एवढी तरी लाज बाळगली म्हणायची.

लिंबाखाली गोपिकाबाई उभी होती. जाफराबादची गाडी नुकतीच निघून गेली होती आणि धुरळा अजून खाली बसायचा होता.

"चल," त्रिंबक म्हणाला. "दादा टाक घेऊन आला."

"कोणाचा टाक?"

"अगं, असं काय करून राह्यली? पाव्हणे बसलेत."

"मी पोराचं तोंड पाह्यलं न्हाई," ती शांतपणे म्हणाली. "पेटीवर झेंडा पाह्यला, फुलं पाह्यली. तुमी मला पेटीजवळ जाऊ देलं न्हाई. दोन कळप एका पाण्यावर आले तर मेंढरं बदलतात का न्हाई? अन् तिथं तर किती गावची पोरं व्हती. एकसारखे कपडे, एकसारखे केस. फौजेची काय चूक व्हत नसंल?"

तिला वेडी म्हणणाऱ्यांनी हे बोलणं नीट ऐकलंच नव्हतं. आयुष्यभर जिनं मेंढरं राखली, तिच्या डोक्यात दुसरा हिशोब येणार कुठून? कळप बदलू नयेत म्हणून तर कोकरांच्या कानाला खूण करतात. त्रिंबकच्या कळपाची खूण डाव्या कानाला, वरच्या कडेला एक खाच. शंभर मेंढरांत आपलं एक मेंढरू त्रिंबक नुसत्या कानावरून बाजूला काढायचा.

परमेश्वर सहा वर्षांचा असताना कोकरांच्या खुणा चालल्या होत्या. "मला बी कर," म्हणून पोरगं हटून बसलं. त्रिंबकनं गंमत म्हणून त्याच्या कानाला कातर नुसती लावली आणि पोरानं मान हलवली. जोंधळ्याएवढा तुकडा उडाला, रक्ताची धार लागली. गोपिकाबाईनं त्या दिवशी नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. नंतर भरतीच्या वेळी तो कान पाहून डॉक्टर हसला, असं परमेश्वर स्वतःच सांगायचा. "म्या म्हणलं, साहेब, हरवलो तर बापाला सापडावं म्हणून केलंय."

"तुमी तर पाह्यलं ना?" गोपिकाबाईनं विचारलं.

वर्षभर ती हे विचारत होती, आणि वर्षभर त्रिंबक एकच उत्तर देत होता. "पाह्यलं. आपलाच व्हता."

ते खोटं होतं.

शाळेच्या खोलीत पेटी ठेवली होती. एक अधिकारी हलक्या आवाजात म्हणाला होता, बाकीच्यांना दाखवण्यासारखं नाही, घरातल्या एकानं पाहून घ्यावं. त्रिंबक आत गेला. झाकण सरकल्याचा आवाज झाला. लांडग्यानं फाडलेली मेंढरं हातानं उचलणाऱ्या त्या माणसानं डोळे घट्ट मिटून घेतले. "हो साहेब, माझाच हाय," तो म्हणाला. झाकण बसलं. श्वास चार वेळा घ्यावा एवढाच वेळ गेला असेल. तेवढ्यात नुसता डावा कान पाहिला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. त्यानं पाहिला नाही. बापाचं काळीज म्हणा नाहीतर भेकडपणा म्हणा, त्रिंबक स्वतः त्याला भेकडपणाच म्हणत होता.

फौजेचा बिल्ला होता, कागद होते, सोबतच्या पोरांनी डोळ्यानं पाहिलेलं होतं. मुलगा गेला हे त्रिंबकला कळत होतं. पण कळणं निराळं आणि खात्री निराळी. बायको रोज तोच प्रश्न विचारी, आणि रोज उत्तर देताना त्याच्या मनात थोडंसं काहीतरी हलून जाई.

त्यानं तिचा हात धरला. मनगट हाताला इतकं बारीक लागलं की तो घाबरला. छकुली खरं बोलत होती. अजून एक उन्हाळा ही बाई काढणार नव्हती.

घरी कडूबानं देव्हाऱ्यापुढं सगळं मांडून ठेवलं होतं. ताटात भंडारा, बेलाची पानं, आणि हळदीनं माखलेला टाक. टाकावर घोडेस्वार होता. कुणाचाही टाक असाच असतो. परमेश्वर उभ्या जन्मात घोड्यावर बसला नव्हता.

"बस गं," कडूबा म्हणाला. "हात लाव टाकाला."

"थांबा भाऊजी." गोपिकाबाई बसली, पण तिनं हात पदरातच ठेवला. सगळ्या पाहुण्यांसमोर ती नवऱ्याकडं वळली. "मी लावते हात. पण आधी ह्यांनी बेलभंडारा उचलायचा. पोराच्या नावानं. म्हणायचं, त्याच्या कानाची खूण म्या या डोळ्यानं पाह्यली."

बेलभंडारा कोर्टातल्या शपथेसारखा नसतो. खोटा उचलला तर ज्याच्या नावानं उचलला त्याच्यावर फिरतो, असं ते सगळे मानत होते, आणि त्रिंबक सगळ्यांहून जास्त मानत होता. परमेश्वर गेलेला असेल तर प्रश्न नव्हता. पण तो कुठं जिवंत असेल, कुठल्या दवाखान्यात, कुठल्या तुरुंगात, नाव विसरून पडलेला, तर बापाच्या या एका शब्दानं आज मरणार होता. गोपिकाबाईला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिनं हीच आण मागितली होती. जरा जरी शंका असली तरी हा माणूस हात पुढं करणार नाही, अशी तिची खात्री होती.

"अरे उचल ना," कडूबा म्हणाला. "तू पाह्यलंय ना बराबर?"

त्रिंबकनं छकुलीकडं पाहिलं. ती रडत होती. मग त्यानं बायकोकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत वर्षभरानं पहिल्यांदा काहीतरी उजळत होतं. त्यानं हात मागं घेतला असता तर ती तिथंच हसली असती, आणि उद्या पहाटेच फाट्यावर जाऊन उभी राहिली असती, मरेपर्यंत.

त्यानं बेल उचलला, तळहातावर भंडारा घेतला.

"खंडोबाची आण," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "परमेश्वरच्या डाव्या कानाची खाच म्या या डोळ्यानं पाह्यली. माझंच लेकरू व्हतं."

गोपिकाबाई त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. मग तिच्या छातीतून असा आवाज निघाला की बाहेर अंगणात बसलेली माणसं उठून उभी राहिली. ती टाकावर कोसळली. "माझ्या परम्या रे," म्हणून तिनं जमिनीवर कपाळ आपटलं, छकुलीनं तिला पोटाशी धरलं. वर्षभराचं रडणं ती एका बैठकीत रडली. मग तिनं लेकीच्या हातून दोन घास खाल्ले आणि तिच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपी गेली. कडूबानं टाक रांगेत बसवला आणि एकदाचं सुटलं म्हणाला.

त्रिंबकनं हात तीनदा धुतले. भंडाऱ्याचा पिवळा रंग रेषांमधून निघेना.

दिवेलागणीला छकुली त्याला जेवायला बोलवायला बाहेर आली, तर तो घरात नव्हता, गोठ्यात नव्हता, मेंढवाड्यातही नव्हता. फाट्यावर जाफराबादची शेवटची गाडी येऊन थांबली होती. त्रिंबक तिच्या दाराला अगदी लागून उभा होता आणि उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचा डावा कान पाहत होता.